दादर

आमच्या स्टेशनात मेल थांबत नाही, पण दादर आहे. मुंबईतलं नव्हे. आमच्याकडची जुनी माणसं जिन्याला दादर म्हणतात आणि रुळांवरच्या लोखंडी पुलालाही. ते बरोबरच आहे म्हणा. पूल असा पंचवीस पावलांचा, दमछाक सगळी पायऱ्यांची. म्हणून गाव रुळांतूनच जातं. १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम १४७ त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड सांगतं, आणि म्हाताऱ्या बाया आधी पिशवी फलाटावर ठेवून मग स्वतः चढतात.

मी दादरानेच जातो. कायद्याच्या प्रेमापोटी नाही, खांबांपायी. हे खांब म्हणजे गाडीखालून निवृत्त झालेले रूळ, उभे केलेले. तापलेलं लोखंड लाटून रूळ करतात, तेव्हाच त्याच्या कुशीवर कारखान्याचं नाव आणि साल उठावात उमटतं. आमच्या एका खांबावर '१९' लागतं. पुढचे दोन आकडे रंगाखाली गेलेत: तपकिरी, त्यावर रुपेरी, त्यावर पिवळा. किल्लीने किती वेळा खरवडून पाहिलं! रंगाची साल निघते, लोखंडाचं साल काही निघत नाही.

बाकी पुलाला म्हातारपण म्हणून नाही. रिवेट लालभडक तापवून भोकात घालायचा, दुसरीकडून ठोकून त्याला डोकं काढायचं. निवताना तो आखडतो आणि दोन्ही पत्रे आवळून धरतो. मालगाडी खालून गेली की पायाखाली थरथर येते, पण खुळखुळ नाही. वडिलांच्या लहानपणी पोरं मुद्दाम मधोमध उभी राहून वाफेच्या इंजिनाचा धूर अंगावर घेत आणि काळं तोंड घेऊन घरी मार खायला जात. पुढे २५,००० व्होल्टच्या तारा आल्या, तारांवरचा कठडा पत्र्याने बंद झाला. आता गाडी दिसत नाही, नुसती पायांना कळते.

मागच्या महिन्यात दादरावर रंगारी दिसले. रंगवण्याआधी जुना रंग खरवडतील, या आशेने मी चहा अर्धा टाकून धावलो.

त्यांनी जुन्यावरच हात मारला होता. आता '९' सुद्धा बोटाने चाचपूनच वाचावा लागतो.