तलावांच्या बांधावरून : अनुराधपूर ते पोलोन्नरुवा मोटारसायकलने

श्रीलंकेच्या उत्तर-मध्य भागातील अनुराधपूर, सिगिरिया आणि पोलोन्नरुवा ही प्राचीन स्थळे १९८२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. बहुतेक प्रवासी कोलंबोहून मोटारीने येऊन ती घाईघाईत पाहून परततात. आम्ही पुण्यातील काही मोटारसायकलस्वार मित्रांनी हाच प्रदेश दुचाकीवरून पाहिला. परतल्यावर सर्वांनी काढलेली छायाचित्रे एकत्र केली, तेव्हा स्तूप आणि मूर्तींच्या बरोबरीने तलाव, कालवे, मोऱ्या आणि सांडवे यांचीच छायाचित्रे जास्त निघाली, आणि त्याला कारण आहे. हा प्रदेश वर्षातील बरेच महिने कोरडा असतो. पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते जानेवारी या काळात पडतो आणि तो अडवून साठवल्याखेरीज येथे भात पिकत नाही. भात नसेल तर स्तूप बांधणारे हजारो हातही नाहीत. म्हणून या अवशेषांचा अर्थ कळायचा असेल तर आधी तलाव पाहावेत, असे आमचे ठाम मत झाले आहे. आणि तलावाच्या बांधावरून, कालव्याच्या कडेने, गावातल्या अरुंद वाटेने जायला मोटारसायकलीसारखे वाहन नाही.

प्रथम कागदपत्रांविषयी. स्वतःची मोटारसायकल नेण्याचा विचार सोडून द्यावा, कारण नागपट्टिणम ते कांकेसंथुराई ही बोट केवळ प्रवाशांसाठी आहे. नेगोंबो हे गाव विमानतळाच्या जवळ असून तेथे २५० सीसीच्या ट्रेल प्रकारच्या गाड्या भाड्याने मिळतात. मातीच्या बांधांसाठी त्याच सोयीच्या. आपल्या आरटीओकडून एक वर्ष मुदतीचा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढावा आणि त्यावर मोटारसायकलीच्या वर्गाची नोंद झाली आहे ना, हे तेथेच पाहून घ्यावे. एवढ्याने मात्र भागत नाही. श्रीलंकेत या परवान्याला स्थानिक मान्यता घ्यावी लागते, आणि ती कोलंबोतील ऑटोमोबाइल असोसिएशन ऑफ सिलोनकडून मिळते. गाडी देणारे बहुधा हे काम करून देतात, परंतु नियम बदलत असल्याने निघण्यापूर्वी खात्री करावी. ही मान्यता नसेल तर अपघाताच्या वेळी विमा उपयोगी पडत नाही. गाडी ताब्यात घेताना विम्याचे प्रमाणपत्र आणि चालू वर्षाचे रेव्हेन्यू लायसन्स (वाहनाचा वार्षिक परवाना) मागून घ्यावे, आणि गाडीवरच्या प्रत्येक ओरखड्याचे छायाचित्र मालकासमोर काढून ठेवावे. द्रुतगती मार्गांवर दुचाकींना बंदी आहे, हे नकाशात मार्ग आखताना लक्षात असू द्यावे.

नेगोंबोहून आम्ही किनाऱ्याने जाणारा ए-३ हा रस्ता धरून चिलाव आणि पुत्तलम गाठले व तेथून ए-१२ ने आत अनुराधपूरकडे वळलो. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने असल्यामुळे हात लवकर बसतो. भीती वाटते ती खासगी बसगाड्यांची. समोरून दुचाकी येत असताना त्या बेधडक ओव्हरटेक करतात आणि आपण कडेला उतरू असे गृहीत धरतात; तेव्हा कडेला उतरावे, हट्ट करू नये. याउलट झेब्रा क्रॉसिंगवर माणूस दिसला की तेथील वाहने खरोखर थांबतात, आणि आपणही थांबावे हे मागच्या गाडीच्या दृष्टीनेही गरजेचे असते.

अनुराधपूर हे इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकापासून दहाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, मधले काही खंड वगळता, राजधानीचे नगर होते. येथील जेतवनाराम स्तूप महासेन राजाने तिसऱ्या शतकात सुरू केला. मूळ उंची सुमारे १२२ मीटर; प्राचीन जगात त्याहून उंच अशा इजिप्तमधल्या गिझाच्या दोन पिरॅमिडांखेरीज इमारती नव्हत्या. आज तो सुमारे ७१ मीटर उरला आहे आणि तो सगळा विटांचा आहे. याच महासेनाने मिन्नेरियाचा प्रचंड तलाव बांधवला, हे जेतवनारामासमोर उभे असताना आठवावे. एवढ्या विटा भाजणाऱ्या आणि रचणाऱ्या माणसांना जेवू घालणारे पाणी कोठून येत होते, हा प्रश्न तेथे आपोआप पडतो.

त्याचे एक उत्तर अभयगिरी विहाराच्या परिसरातील कुट्टम पोकुण या जोड पुष्करिणींत पाहायला मिळते. येथे घाई करू नये. लहान पुष्करिणीच्या टोकाशी दगडी कुंड आहे. बाहेरून आलेले पाणी आधी तेथे थांबते, गाळ खाली बसतो, मग निवळलेले पाणी मकराच्या मुखातून पुष्करिणीत पडते. शेजारी पाच फण्यांचा नाग कोरलेला आहे. पायऱ्यांचे दगड इतके नेटके बसवले आहेत की सांधा शोधावा लागतो. भिक्षूंच्या स्नानाच्या पाण्यासाठी एवढी काळजी घेणारा समाज शेतीच्या पाण्याबाबत किती बारकाईने विचार करत असेल, याची कल्पना येथे येते.

या नगराला पाणी पुरवणाऱ्या कालव्याच्या कडेने दक्षिणेकडे जाणे हा आमच्या प्रवासातील सर्वांत समाधानाचा भाग होता. जयगंगा किंवा योद एल या नावाने ओळखला जाणारा हा कालवा पाचव्या शतकात धातुसेन राजाने बांधवला. कलावेव तलावापासून अनुराधपूरपर्यंत त्याची लांबी सुमारे ८७ किलोमीटर आहे आणि वरच्या टप्प्यात त्याचा उतार किलोमीटरमागे जेमतेम १० सेंटिमीटर आहे. कालव्याला मूळचा बांध एकाच बाजूने होता. दुसरी बाजू मोकळी ठेवल्यामुळे चढावरून वाहून येणारे पावसाचे पाणीही त्यात मिळे. आज काही भाग बदलला आहे, काही ठिकाणी रस्ता मातीचा आहे, आणि पावसानंतर तो निसरडा होतो. दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश जावे. म्हशी, सायकलवरची शाळकरी मुले, कालव्यात कपडे धुणाऱ्या बायका यांचा हा रोजचा रस्ता आहे, त्यामुळे हॉर्न वाजवू नये. भंडारा-गोंदियाकडचे मालगुजारी तलाव ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही व्यवस्था परकी वाटणार नाही. भाताचा प्रदेश, मातीचा बांध आणि बांधावरची झाडे, सारे ओळखीचे.

कलावेवच्या बांधावर पोहोचल्यावर धातुसेनाची कथा माहीत असायला हवी. चूलवंस या पाली बखरीत ती आली आहे. मुलगा कश्यप याने राज्य बळकावून बापाला कैद केले आणि दडवलेले धन कोठे आहे ते सांग, असा तगादा लावला. धातुसेनाने कलावेवला नेण्याची विनंती केली, तलावात स्नान केले आणि ओंजळीत पाणी घेऊन, माझे सारे धन ते एवढेच, असे सांगितले. त्यानंतर त्याला भिंतीत चिणून मारण्यात आले. तलावापासून जवळच औकन येथे अखंड खडकातून कोरलेली सुमारे १२ मीटर उंचीची उभी बुद्धमूर्ती आहे. ती धातुसेनाच्या काळातली असल्याचे मानतात, काही अभ्यासक तिला नंतरची ठरवतात. मूर्ती पूर्वाभिमुख असल्याने चिवराच्या बारीक चुण्या सकाळच्या तिरप्या उन्हातच उठून दिसतात. दुपारी काढलेली आमची सर्व छायाचित्रे सपाट आली. सकाळची मात्र जपून ठेवावीत अशी आहेत.

बापाचा वध करणाऱ्या त्याच कश्यपाने (इ. स. ४७७ ते ४९५) सिगिरियाच्या खडकावर आपली राजधानी उभारली. केकिरावा, दंबुल्ला, इनामलुव असा रस्ता आहे. खडकाच्या पायथ्याच्या जलोद्यानातील कारंजी केवळ पाण्याच्या नैसर्गिक दाबावर चालत आणि पावसाळ्यात ती आजही उडतात. मराठी प्रवाशाला येथे आणखी एका गोष्टीचे अप्रूप वाटेल: खडकाच्या कपारीतील स्त्रियांची चित्रे आणि वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातील अजिंठ्याची चित्रे यांच्यात जेमतेम एका पिढीचे अंतर आहे. अजिंठा आधी नीट पाहून मग येथे यावे. रेषेतील नाते आणि रंगछटांतील फरक दोन्ही लगेच कळतात. चित्रांची छायाचित्रे घेण्यास मनाई आहे आणि ती पाळलीच पाहिजे. खडकावर गांधीलमाश्यांची मोठी पोळी असल्याने शांत राहण्याच्या सूचना लावलेल्या असतात, त्याही गांभीर्याने घ्याव्यात. दार उघडताच चढायला लागावे. रायडिंगचे बूट आणि जॅकेट मुक्कामी ठेवून, साध्या चपलांत चढणे श्रेयस्कर.

हबरणाहून पोलोन्नरुवाकडे जाणारा ए-११ हा रस्ता मिन्नेरियाच्या राष्ट्रीय उद्यानाला लागून जातो. साधारण जुलै ते सप्टेंबर या काळात तलावाचे पाणी ओसरते, उघड्या पडलेल्या जमिनीवर गवत उगवते आणि हत्तींचे मोठे कळप तेथे जमतात. संध्याकाळनंतर या रस्त्यावर दुचाकी मुळीच नेऊ नये. दिवसाही हत्ती दिसला तर दूर थांबावे, हॉर्न वाजवू नये, गाडी वळवून ठेवावी आणि एखादी मोठी गाडी पुढे जाईपर्यंत धीर धरावा. छायाचित्रासाठी दोन पावले पुढे जाण्याचा मोह जिवावर बेततो.

पोलोन्नरुवाचे तिकीट गावातील संग्रहालयात मिळते. तिन्ही ठिकाणी सार्क देशांच्या नागरिकांना सवलतीचा दर आहे, म्हणून मूळ पासपोर्ट बरोबर ठेवावा आणि तिकीट संध्याकाळपर्यंत जपावे, कारण ते जागोजागी तपासतात. आवारात गाडी नेता येते, परंतु टँक बॅग (पेट्रोलच्या टाकीवरची पिशवी) उघडी ठेवू नये; माकडे पिशवीची चेनही उघडतात. ९९३ मध्ये चोळांनी अनुराधपूर उद्ध्वस्त केल्यानंतर हे नगर पुढे आले, आणि त्या काळातील छोटे दगडी शिवमंदिर येथे आजही सुस्थितीत उभे आहे. पुढे पहिल्या पराक्रमबाहूने (११५३ ते ११८६) पराक्रम समुद्र हा तलाव वाढवून बांधला. पावसाचा एक थेंबही माणसाच्या उपयोगी पडल्यावाचून समुद्रात जाऊ नये, हे त्याचे धोरण बखरीत नोंदलेले आहे. बांधावरच्या रस्त्याने दक्षिणेला गेल्यास खडकात कोरलेली एक पुरुषमूर्ती दिसते, ती याच राजाची असल्याचे अनेक जण मानतात. गर्दी येथे क्वचितच असते.

पोलोन्नरुवातीलच गल विहारातील सुमारे १४ मीटर लांबीच्या निजलेल्या बुद्धमूर्तीजवळ उशीकडे अवश्य पाहावे. डोक्याच्या भाराने उशी जेथे दबते तेथे दगडात खळगा कोरला आहे, आणि वरचे पाऊल खालच्यापेक्षा किंचित मागे सरकलेले आहे. झोप नव्हे, महापरिनिर्वाण, हे त्यावरून ओळखतात. खडकातल्या काळसर शिरा चेहऱ्यावरून वाहत गेलेल्या दिसतात. वेळ असेल तर हिंगुराकगोडमार्गे मेदिरिगिरियाला जावे. तेथील वटदागेमध्ये, म्हणजे लहान स्तूपाभोवतीच्या वर्तुळाकार वास्तूत, १६, २० आणि ३२ अशा तीन वलयांत ६८ दगडी खांब उभे आहेत.

पेहराव आणि वागणूक यांविषयी कसूर नको. गुडघे व खांदे झाकलेले असावेत, पवित्र आवारात टोपी व पादत्राणे काढावीत. दगड दुपारी तापतात, जाड मोजे चालतात. बुद्धमूर्तीकडे पाठ करून छायाचित्र काढणे हा तेथे गंभीर अवमान समजला जातो. गटाचे छायाचित्र मूर्तीपासून दूर घ्यावे. ड्रोनसाठी आगाऊ परवानगी लागते. मे ते सप्टेंबर हा काळ कोरडा आणि रस्त्यांच्या दृष्टीने उत्तम, मात्र जूनमधील पोसोन पौर्णिमेला मिहिंतले व अनुराधपूर येथे लाखो भाविक येतात आणि खोल्या मिळत नाहीत. परतताना ए-६ ने दंबुल्ला व कुरुनेगल करून नेगोंबो गाठता येते. सकाळी लवकर निघाल्यास वाट थोडी वाकडी करून महोजवळच्या यापहुव येथील तेराव्या शतकातला उभा, कोरीव जिना त्याच दिवशी पाहून होतो, आणि अंधार पडण्याआधी गाडी परत देता येते.