ब्लोअर रेस घेत नसेल तर

जाळरेषा (वणवा अडवायला रानात साफ ठेवलेला पट्टा) झाडताना पाठीवरचा ब्लोअर आयडलला चालतो, रेस दिली की बसतो? लगेच कार्बोरेटरला हात लावू नका. आधी एअर फिल्टर झटका. सागाच्या पाचोळ्याची धूळ लवकर बसते. टाकीतला फिल्टर तारेच्या आकड्यानं ओढून पाहा, काळा-चिकट असेल तर बदला.

मग सायलेन्सरची जाळी. काजळीनं बुजली की ताकद जाते. वायर ब्रशनं घासा, पण जाळीविना मशीन चालवू नका. ठिणगीनं रानच पेटायचं, मग झाडलं कशाला?

तरीही अडला तर कार्बोरेटरवरचा 'एच' स्क्रू (रेसला पेट्रोल किती जायचं ते ठरवणारा) डावीकडे जरासा, पाव फेऱ्याच्या आत सोडा. उजवीकडे आवळला की आवाज झकास चढतो, पण पेट्रोलसोबत तेलही कमी पोचतं आणि पिस्टन धरतो, म्हणजे जाम होतो. पुस्तिकेत तेल-पेट्रोलचं प्रमाण 1:50 असेल तर लिटरभर पेट्रोलला 20 मिली टू-स्ट्रोक ऑइल, अंदाजपंचे नाही.