टीव्हीवरची माणसं जाड का दिसत होती

अठरा दिवस आमच्या नागपुरातल्या त्रिमूर्तीनगरच्या घरात टीव्हीवरचा प्रत्येक माणूस जाड दिसत होता. ज्यांच्याकडे तक्रार केली ते सगळे सांगत होते की असंच असतं. आता चित्र नीट आहे, पण तो राग अजून गेलेला नाही. म्हणून लिहितोय.

टीव्ही जानेवारी २०२३ च्या शेवटी आला, ४३ इंची. आणणं, भिंतीवर लावणं हे तासाभरात झालं. सेट टॉप बॉक्स जुनाच ठेवला. बाबांनी त्यांची जुनी मालिका लावली आणि दहा मिनिटांत म्हणाले, "हा माणूस असा नव्हता रे." बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. चष्म्याचा नंबर वाढला असेल असं मी म्हणालो, ते मला आजही लागतं. त्यांचं बरोबर होतं.

बॉक्सच्या कंपनीला फोन केला. पहिला तंत्रज्ञ दोन दिवसांनी आला. त्याने टीव्हीच्या रिमोटवरून चित्र 'झूम' केलं. चेहरे सरळ झाले, पण कपाळं आणि हनुवट्या गेल्या. "आता बरोबर दिसते जी," म्हणून सही घेतली आणि गेला. ९ फेब्रुवारीला इथल्याच जामठ्याच्या स्टेडियमवर भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी सुरू झाली तेव्हा धावफलकाची पट्टीच दिसेना. शेजारचे काका मुद्दाम आमच्याकडे बघायला आले होते आणि दर षटकाला मोबाइलवर स्कोअर विचारत होते. सामना तिसऱ्या दिवशी संपलाही, आपण डाव आणि १३२ धावांनी जिंकलो, आणि माझी तक्रार तोवर 'निकाली' दाखवत होती. पुन्हा फोन, पुन्हा नवा तक्रार क्रमांक.

सोमवारी दुसरा आला. म्हणाला, "टीव्हीचा पॅनल खराब आहे, दुकानात बोला." दुकानवाला म्हणाला, टीव्ही ठणठणीत आहे, बॉक्सवाल्यांना बोला. तिसऱ्यांदा फोनवर बाई म्हणाल्या, "सर, बॉक्समध्ये चित्राच्या आकाराची सेटिंगच नसते. एचडी पॅक घ्या." एचडी पॅक आमच्याकडे आधीपासून होतं. हे मी तीन वेळा सांगितलं आणि तिन्ही वेळा तेच उत्तर आलं.

त्या रात्री ठरवलं, आता आपणच मोजायचं.

स्टीलचं ताट जमिनीवर ठेवून बरोबर वरून फोटो काढला, पेन ड्राइव्हवर घेतला आणि टीव्हीला लावला. बायकोचा शिवणकामाचा टेप घेऊन पडद्यावर मोजलं. आडवं २० सेंटिमीटर, उभं २० सेंटिमीटर. ताट गोल होतं, म्हणजे पॅनल चांगला होता. मग बॉक्स लावला. बाबांच्या मालिकेत भिंतीवर घड्याळ दिसलं तेव्हा चित्र थांबवलं. आडवं २४, उभं १८. चोवीसला अठराने भागा, १.३३ येतात. जुनी मालिका ४:३ आकारातली, म्हणजे रुंदी चार भाग तर उंची तीन भाग. पडदा १६:९ चा, म्हणजे रुंदी सोळा, उंची नऊ. ते चित्र ताणून पूर्ण पडदा भरला की रुंदी बरोबर एवढीच वाढते. कोणीतरी ताणत होतं, आणि ते टीव्ही नव्हतं.

टीव्हीवर ४:३ लावून बघितलं तर मालिका ठीक झाली, पण एचडी चॅनलवरची माणसं काडीसारखी झाली. टीव्हीला बॉक्सकडून सगळं १६:९ म्हणूनच येत होतं, आत खरं काय आहे हे त्याला कळायला मार्ग नव्हता. म्हणून दुरुस्ती बॉक्समध्येच हवी होती. बॉक्सच्या रिमोटने मेनू, सेटिंग, डिस्प्ले असं गेलो. जी सेटिंग 'नसते' ती तिथे होती. टीव्हीचा प्रकार १६:९ होता, पण त्याखाली 'फुल स्क्रीन' निवडलेलं होतं. ते बदलून 'पिलर बॉक्स' केलं. चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या आणि घड्याळ गोल झालं. बाबांना उठवलं. रात्रीचे पावणेबारा झाले होते, तरी ते पूर्ण भाग बघत बसले.

काळ्या पट्ट्यांना घाबरू नका. ४:३ चं चित्र या पडद्याची पाऊण रुंदीच भरतं, उरलेली पाव काळी राहणारच. बरेच नवे सिनेमे १६:९ हूनही रुंद आकारात काढलेले असतात, त्यांच्या वर-खाली पट्ट्या येतात. तोही बिघाड नाही. झूमचा योग्य उपयोग एकच मला सापडला, चित्राच्या चारही बाजूंना काळं असेल तेव्हा. तिथे झूम केलं की काही कापलं जात नाही, फक्त रिकामी जागा जाते.

धावफलकाची गोष्ट राहिली. झूम काढल्यावरही पट्टीची खालची कड थोडी कापलेलीच होती. जुन्या काचेच्या टीव्हीत चित्राच्या कडा नीट यायच्या नाहीत, म्हणून चित्र मुद्दाम थोडं मोठं करून कडा पडद्याबाहेर ढकलत. ती सवय नव्या टीव्हींतही राहिली आहे, तिला ओव्हरस्कॅन म्हणतात. ते बंद करायचं बटण प्रत्येक कंपनीत वेगळ्या नावाने असतं. एलजीत 'जस्ट स्कॅन', सोनीत 'फुल पिक्सेल', सॅमसंगमध्ये 'स्क्रीन फिट' किंवा 'फिट टू स्क्रीन'. बॉक्स एचडीएमआय वायरनेच जोडा. लाल-पिवळ्या-पांढऱ्या तीन वायरींमधून एचडी चित्र येतच नाही.

हे सगळं कळल्यावर माझ्या लग्नाची कॅसेट आठवली. १९९४ ची, पेन ड्राइव्हवर करून आणलेली. त्यात आई आहे. तिला जाऊन सहा वर्षं झाली, आणि नव्या टीव्हीवर तिचा चेहरा पसरट दिसला म्हणून बाबांनी ती बंद करायला लावली होती. फाईल करणाऱ्याने ती आधीच १६:९ मध्ये ताणून ठेवली होती, तिथे बॉक्सचा संबंधच नव्हता. अशा वेळी मात्र टीव्हीवरच ४:३ लावायचं, ताणलेलं परत आवळलं जातं. आई हळदीकुंकवाची वाटी घेऊन दारात उभी आहे, ते दृश्य बाबांनी चार वेळा मागे नेऊन बघितलं.

आणखी एक. बॉक्सचं सॉफ्टवेअर बदललं की सेटिंग पुन्हा 'फुल स्क्रीन'वर जाऊ शकते. माझ्याकडे दोनदा झालं. मेनू, सेटिंग, डिस्प्ले, पिलर बॉक्स, एवढं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून टीव्हीखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. परवा बाबांनी ते वाचून स्वतःच केलं.