वॉयचेख, म्हणजे घरचा वॉयतेक

पोलंडमधल्या पोझनानला जॉब सुरू केला त्या आठवड्यात टीमच्या लिस्टमध्ये एक नाव होतं, रोमन लिपीत आठ अक्षरं, आणि मी ते मनातल्या मनात 'वोजसीच' असं वाचत होतो. ज्याचं नाव तो शेजारच्याच टेबलावर बसायचा. त्याने शांतपणे सांगितलं, वॉयचेख. डब्ल्यूचा व, जेचा य, सीआयचा मऊ च, आणि शेवटचं सीएच म्हणजे घशातून येणारा ख. मग म्हणाला, पण तू वॉयतेकच म्हण, घरी दारी सगळे तेच म्हणतात.

नाव जुनं स्लाव आहे. 'वॉय' म्हणजे योद्धा, लढाईला पोलिशमध्ये वॉयना म्हणतात, आणि 'चेख'मध्ये आनंद, दिलासा. लढाईत आनंद मानणारा. आपल्याकडे रणजित, रणधीर असतात ना तसंच दोन शब्द जोडून केलेलं. स्तानिस्वाव, बोलेस्वाव ही पण त्यातलीच, त्यातला 'स्वाव' म्हणजे कीर्ती आणि त्याचं नातं थेट संस्कृतमधल्या 'श्रवस्'शी लागतं, हे कळलं तेव्हा मी अक्षरशः खुर्चीत सरळ बसलो. आणि तो 'चेख' रोजच्या बोलण्यातही आहे, 'पोचेखा' म्हणजे दिलासा, आईबाप स्वतःच्या लेकरालाही पोचेखा म्हणतात.

पण मला खरी आवडते ती गोष्ट हे नाव टिकलं कसं याची. दहाव्या शतकात आजच्या चेकमधल्या लिबित्सेला एक मुलगा जन्मला, घरच्यांनी नाव ठेवलं वॉयचेख (चेक लोक वॉयत्येख म्हणतात). पुढे माग्देबुर्गला शिकायला गेला तिथे त्याने तिथल्या आर्चबिशपचं नाव घेतलं, आडालबेर्ट, हे जर्मन नाव, अर्थही पूर्ण वेगळा. प्रागचा बिशप झाला, मग बाल्टिक किनाऱ्यावर प्रशियन लोकांत धर्मप्रचाराला गेला आणि 23 एप्रिल 997 ला मारला गेला. पोलंडच्या राज्यकर्त्या बोलेस्वावने त्याचं शव विकत घेतलं, वजनाइतकं सोनं देऊन असं सांगतात. 999 मध्ये तो संत झाला आणि 1000 साली सम्राट ओटो तिसरा स्वतः त्याच्या समाधीला ग्निएझ्नोला आला, त्याच भेटीत पोलंडला स्वतःचं आर्चबिशपपद मिळालं. ग्निएझ्नो पोझनानपासून जवळच, ट्रेनने गेलो होतो. कथीड्रलला बाराव्या शतकातला ब्राँझचा दरवाजा आहे, त्यावर त्याच्या आयुष्याचे 18 प्रसंग, डावीकडे खालून वर वाचत जायचं आणि उजवीकडे वरून खाली. सोनं तोलायचा तराजूपण आहे त्यात.

जगभर तो संत आडालबेर्ट म्हणून ओळखला जातो. पोलंडमध्ये मात्र लोकांनी आईबापांनी ठेवलेलंच नाव धरून ठेवलं. चर्चच्या जुन्या लॅटिन नोंदवह्यांत गावातल्या साध्या शेतकऱ्याचं नाव आडालबेर्टुस लिहिलेलं असतं, पण घरी त्याला कुणी आडालबेर्ट म्हणतच नसे, तो वॉयतेक. वहीतलं नाव एक आणि हाकेचं नाव वेगळं, हे आपल्याला काही सांगायला नको.

हाक मारायची म्हटली की अजून एक गंमत. पोलिशला आपल्यासारखीच संबोधन विभक्ती आहे. विठ्ठलचं विठ्ठला होतं तसं वॉयतेकचं वॉयत्कू, मानाने बोलायचं तर 'पान्ये वॉयचेखू', म्हणजे आपलं वॉयचेखराव. आणि कापूसचं कापसाचा होताना मधला ऊ जातो ना, तसाच वॉयतेकमधला ए जातो, वॉयत्का. बाकीच्या परदेशी कलीग्जना हे व्याकरण जड जायचं, मला मराठीने वाचवलं.

23 एप्रिलला त्याचा नामदिवस, इमियेनिनी. इथल्या कॅलेंडरवर प्रत्येक तारखेखाली नावं छापलेली असतात, जुन्या पिढीत तर वाढदिवसापेक्षा हाच मोठा. ज्याचा दिवस तोच ऑफिसला केक आणतो.

आणि अस्वल! 1942 मध्ये इराणमध्ये पोलिश सैनिकांनी एक पिल्लू विकत घेतलं, बाटलीने दूध पाजून वाढवलं, नाव ठेवलं वॉयतेक. सैन्यात रीतसर भरती केलं त्याला, 1944 ला इटलीत मॉन्टे कसिनोच्या लढाईत तो तोफगोळ्यांच्या पेट्या उचलायचा. शेवटी एडिनबरोच्या झूमध्ये राहिला, 1963 मध्ये गेला. सोव्हिएत रशियातून सुटून इराणमार्गे जे पोलिश निघाले त्यातले सैनिक पुढे इटलीत गेले, आणि त्यांच्यातल्याच बायकापोरांपैकी पाचेक हजार जण आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला आले, 1943 ते 48 तिथे राहिले. लहानपणी आजीकडून ऐकलेले 'पोलंडवाले' ते हेच.

वॉर्सातल्या मॉन्टे कसिनो स्मारकापाशी वळिवड्याच्या कॅम्पची आठवण म्हणून पाटी आहे. वॉयतेक मला घेऊन गेला होता. पाटीवरचं गावाचं नाव त्याने मोठ्याने वाचलं, 'वालिवादे'. मी म्हटलं, वळिवडे. मग तिथेच उभं राहून आम्ही दहा मिनिटं ळ म्हणायचा प्रयत्न करत होतो.