पिवळी प्रत

शनिवार, रात्री साडेदहा

हरलो. ४१–३८.

दोन घास खाल्ले आणि वही उघडून बसले. बास्केटबॉलची मॅच झाली की त्याच रात्री माझ्या संघातल्या प्रत्येक मुलीला दहापैकी मार्क द्यायचे, ही माझी जुनी सवय. आज तर जळगावहून परतताना गाडीतच, धरणगाव यायच्या आत सगळ्यांचे मार्क देऊन झाले होते. अमळनेरला उतरताना वही पिशवीत टाकली तेव्हा वाटलं, चला, काम संपलं. आता तेच पान परत वाचतेय आणि मला माझाच राग येतोय.

पानावर असं लिहिलंय: चार नंबर ७, सात नंबर ४, नऊ नंबर ६, दहा नंबर ५, बारा नंबर ८.

सात नंबरला चार! संघाचे पॉइंट ३८, त्यातले १९ तिचे एकटीचे. पूर्ण चाळीस मिनिटं ती मैदानात होती. मग चार कशाचे? शेवटच्या दोन फ्री थ्रोचे, म्हणजे फाउल झाल्यावर रेषेवरून कुणी न अडवता मारायच्या एकेका पॉइंटच्या शॉटचे. ११ सेकंद उरले होते, आम्ही ३९–३८ असे एकाने मागे, आणि ती रेषेवर. पहिला बॉल रिंगच्या पुढच्या कडेला आपटून परत आला. दुसराही तिथेच. रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेला बॉल, त्यांनी घेतला, घड्याळ थांबवायला आम्हाला फाउल करावाच लागला, त्यांचे दोन्ही फ्री थ्रो पडले आणि खेळ संपला.

ते दोन पडले असते तर मी तिला नऊ दिले असते, हे मला पक्कं माहीत आहे. मुलगी तीच, चाळीस मिनिटं तीच, धावणं तेच. म्हणजे मार्क मी तिला दिलेच नव्हते, त्या ११ सेकंदांना दिले होते.

गाडीत ती खिडकीपाशी बसली होती. बाकीच्या मुली डबे उघडून भाकरी-ठेचा खात होत्या, हिने डब्याचं झाकणही काढलं नाही. पाळधी गेल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "मॅडम, मन्ही चूक शे." शाळेत ती माझ्याशी नेहमी पुस्तकी मराठीत बोलते. अहिराणी आली म्हणजे आतून आलं. मी "असू दे गं" म्हटलं आणि पुन्हा वहीत मान घातली. त्याच वहीत तिच्या नावापुढे चार लिहिलेले होते. त्याची आता फार बोच लागली आहे.

रविवार

सकाळी स्कोअरशीट घेऊन बसले. शीटच्या प्रती रंगीत असतात, गुलाबी जिंकलेल्यांना आणि पिवळी हरलेल्यांना. इतक्या वर्षांत कितीतरी पिवळ्या प्रती घरी आणल्या, पण घडी घालून फायलीत ठेवण्यापलीकडे त्यांचं काही केलं नाही. आज पहिल्यांदा ओळ न् ओळ वाचली.

शीटवर धावता स्कोअर असतो. दोन पॉइंटची बास्केट झाली की आकड्यावर तिरकी रेघ, फ्री थ्रोला भरीव टिंब, शेजारी टाकणारीचा नंबर. टिंबं मोजली. १६ फ्री थ्रोंपैकी आमची टिंबं फक्त सहा. दहा वाया गेले आणि आम्ही हरलो तीनने. त्या दहांतले सात नंबरचे चार. उरलेले सहा बाकीच्यांचे, त्यांपैकी दोन पहिल्या क्वार्टरमधले, जे कुणाच्याही लक्षात नाहीत. पहिल्या क्वार्टरमध्ये गेलेला पॉइंट आणि शेवटच्या मिनिटात गेलेला पॉइंट शीटवर सारखाच. आपल्या डोळ्यांना तो सारखा दिसत नाही, एवढंच.

मग एक हिशेब करून पाहिला. पॉइंट, रिबाउंड, असिस्ट (ज्या पासवर बास्केट होते तो), स्टील (हिसकावलेला बॉल), ब्लॉक (अडवलेला शॉट) हे सगळं मिळवायचं. हुकलेले शॉट, हुकलेले फ्री थ्रो आणि घालवलेले बॉल त्यातून वजा करायचे. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, खेळाडूची उपयुक्तता याच सूत्राने मोजतात. सात नंबर: १९ पॉइंट, ६ रिबाउंड, १ असिस्ट, २ स्टील, बेरीज २८. वजा करायचे १६ हुकलेले शॉट, ४ फ्री थ्रो, ५ वेळा बॉल गेला, म्हणजे २५. उरले ३. बारा नंबर मात्र ९ वर. तिने मारलेच कमी, आणि ११ रिबाउंड घेतले. सूत्राच्या मते बारा नंबर सात नंबरच्या तिप्पट खेळली.

हे मला पटेना. मॅच मी डोळ्यांनी पाहिली होती.

पटेना म्हणून चौदा नंबरची वही मागवली. चौदा नंबर बेंचवर असते, तिला अजून खेळायला मिळालेलं नाही. मी तिला काम दिलं होतं: कोण कधी आत गेली, कोण कधी बाहेर आली आणि तेव्हा स्कोअर किती, हे लिहायचं. स्कोअरशीटवर खेळाडू पहिल्यांदा आत गेली की फुली होते, पण नंतर ती किती वेळ बसली हे शीट सांगत नाही. पोरीने शंभर पानी वहीत, पट्टीने रकाने आखून सगळं लिहिलं होतं. शिवाय मी न सांगता एक रकाना वाढवला होता: "टेबलावरचे ओरडले तेव्हा बॉल कोणाकडे".

त्या मैदानावर शॉट क्लॉकचा बोर्ड नव्हता. बॉल हातात आल्यापासून २४ सेकंदांत शॉट मारावा लागतो, त्यांतले शेवटचे पाच टेबलावरून मोठ्याने मोजत होते. पाच, चार, तीन. त्या रकान्यात सात, सात, सात, चार, सात, सात असं खाली खाली गेलंय. मोजणी सुरू झाल्यावर सात नंबरला मारावे लागलेले शॉट नऊ. नवांपैकी एकच पडला. बाकीच्या पंधरांत सात पडले, म्हणजे जवळजवळ निम्मे.

त्या नऊ शॉटांची गोष्ट आता मला स्पष्ट दिसते. चार नंबर बॉल घेऊन वर यायची, समोरची अंगाला भिडली की थांबायची, नऊकडे द्यायची, नऊ परत चारकडे. रिंगकडे कुणी जाईना. मग टेबलावरून "पाच" ऐकू आलं की सगळ्यांचे डोळे सातकडे वळायचे आणि बॉल तिच्या हातात, तोही रिंगपासून लांब, अंगावर दोघी असताना. ती मारायची, कारण आता कुणीतरी मारायलाच हवा होता. तिच्या खात्यावरचे आठ हुकलेले शॉट खरं तर पाच जणींचे आहेत. चार नंबरने पुरे पाच पॉइंट केले, बॉल फारसा घालवला नाही, म्हणून मी तिला सात दिले होते. बॉल न घालवणं ही कसबाची गोष्ट आहेच, पण अडचणीतला बॉल वेळ संपता संपता दुसरीच्या हातात देणं हेही एक घालवणंच आहे. ते कुठल्याच रकान्यात येत नाही.

आता दहा नंबर. दोन पॉइंट आणि पाच फाउल होऊन बाहेर. शीटवर तिच्या नावापुढे पाची चौकोन भरलेले दिसतात आणि बाकी ओळ रिकामी. वर गेल्या आठवड्यात कानबाईच्या, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीच्या सणाच्या, रोटांसाठी दोन दिवस प्रॅक्टिसला नव्हती, तो रागही माझ्या पाचात मिसळला असणार. घरची कानबाई सोडून पोरीने यावं अशी अपेक्षा मी तरी का करावी?

चौदाच्या वहीवरून काढलं: दहा नंबर मैदानात होती ती २२ मिनिटं, त्यात आम्ही सहाने पुढे. ती नव्हती त्या १८ मिनिटांत नऊने मागे. याला प्लस-मायनस म्हणतात. एका मॅचचं प्लस-मायनस फार मनावर घेऊ नये, सोबत कोण होतं आणि समोर कोण होतं त्यावर ते हलतं. चाळीसही मिनिटं खेळलेल्या सातचं तर ते आपोआप वजा तीन येतं, त्यातून काहीच कळत नाही. म्हणून दहाचंही तपासलं. ती सहाची आघाडी बरीचशी दुसऱ्या क्वार्टरमधली निघाली, तेव्हा त्यांची उंच पंधरा नंबर तीन फाउल होऊन बसलेली होती. मी जवळजवळ म्हटलंच, हं, म्हणजे नशीब.

पण पंधराचे ते तीन फाउल झाले कसे? दोन चार्जिंगचे, म्हणजे जागेवर उभ्या असलेल्या खेळाडूला धडकल्याचे होते, आणि दोन्ही वेळा समोर पाय रोवून उभी होती ती दहाच. दुसऱ्या वेळी ती पाठीवर पडली तो धप्प आवाज मला बेंचवर ऐकू आला होता. उठली, कोपर झटकलं, पुन्हा डिफेन्सला. त्यांची सर्वांत चांगली खेळाडू हिने बाकावर बसवली आणि तिच्या हिशेबी एक पॉइंटसुद्धा जमा नाही.

दहाच्या पाच फाउलपैकी तीन फाउल, आमच्या चार नंबरने अडवायच्या खेळाडूवरचे. चार मागे पडायची, हिला मदतीला धावावं लागायचं, उशीर व्हायचा, शिट्टी. तीन मिनिटं उरली असताना ती बाहेर आली तेव्हा आम्ही ३६–३३ पुढे होतो. त्या तीन मिनिटांत आमचे दोन, त्यांचे आठ.

नऊ नंबर ठीक खेळली. तिच्याविषयी वेगळं लिहिण्यासारखं नाही.

बारा नंबरचे ११ रिबाउंड खरे आहेत, कौतुकाचेही आहेत. पण शेवटच्या तीन मिनिटांत पंधरा तिच्या समोरून तीनदा गेली आणि ही रिंगखाली उभी राहून बॉल खाली पडायची वाट बघत होती. आठ जरा जास्तच झाले.

आणि मी? हे पान रिकामं होतं, आजवर कायमच रिकामं. दहा बाहेर आली तेव्हा माझ्याकडे एक टाइम-आउट शिल्लक होता, तो मी घेतला नाही. एका मिनिटात पंधराला कोण घेणार हे सांगता आलं असतं. सातला चाळीस मिनिटांत एकदाही बसवलं नाही, कारण ती बसली तर पॉइंट कोण करणार ही भीती मला होती, तिला नव्हती. तिचे शेवटचे दोन्ही फ्री थ्रो पुढच्या कडेला लागले. बॉल डावी-उजवीकडे गेला तर हात चुकला, आखूड पडला तर पाय संपले. हे मीच शिकवते. बोर्डपासून ४.६० मीटरवरून बॉल पोचवण्याइतकं बळ तिच्या पायांत मी उरूच दिलं नव्हतं.

दुपारी जेरी वेस्टची आठवण झाली. १९६९च्या एनबीए फायनलमध्ये त्याचा संघ लेकर्स सातव्या, निर्णायक सामन्यात सेल्टिक्सकडून १०८–१०६ असा हरला. त्या सामन्यात त्याचे ४२ पॉइंट, १३ रिबाउंड, १२ असिस्ट. फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार त्याच वर्षी सुरू झाला आणि तो हरलेल्या संघातल्या वेस्टला दिला गेला. त्यानंतर आजवर हरलेल्या संघातल्या कुणालाही तो मिळालेला नाही. पहिल्याच वर्षी निवडणाऱ्यांनी स्कोअर बाजूला ठेवून माणसाकडे पाहिलं होतं. मला एका तालुक्याच्या मैदानावर, आठ-दहा मुलींच्या बाबतीत ते जमायला काय हरकत आहे?

मार्कांचं पान फाडलं नाही, त्यावर आडवी रेघ मारली. पुढच्या पानावर प्रत्येकीसमोर एक-एक ओळ लिहिली, शेवटची माझ्यासाठी.

सोमवार

सहाला मैदानावर. रात्री पाऊस पडून गेलेला, सिमेंटच्या कोर्टवर एका कोपऱ्यात पाणी. मुलींनी पोत्याने ते काढलं. सात नंबर सगळ्यांच्या आधी येऊन एकटी फ्री थ्रो मारत होती, ताज्या पायांनी, आणि पडत होते सगळे.

सगळ्यांना गोल बसवलं आणि चौदाच्या वहीतला तो रकाना मोठ्याने वाचला. सात, सात, सात, चार, सात, सात. कुणी काही बोललं नाही. मग चार नंबर म्हणाली, "मॅडम, तो आवाज ऐकला की मला वाटायचं, आपल्याकडून बॉल जायला नको." एवढंच म्हणाली, पण सातकडे बघून म्हणाली. दहा नंबर कोपरावरची खपली खाजवत होती, तिला पहिल्यांदा सर्वांसमोर सांगितलं की पंधराला तू बसवलंस. ती ओढणीने तोंड झाकून हसली.

आजपासून फ्री थ्रो सुरुवातीला नाही. कोर्टच्या २८ मीटरच्या चार धावा, मग लगेच दोन फ्री थ्रो, असं पाच वेळा. सातचा पहिला पुढच्या कडेला लागला. "गुडघे," मी ओरडले. दुसऱ्याला ती खाली बसली आणि मग उठली.

चौदा नंबर कडेला वही घेऊन उभी. "मॅडम, आजपण वेळ लिहू?"

लिही म्हटलं. आणि पुढच्या मॅचपासून एक रकाना माझ्या टाइम-आउटचा आख. तिने लगेच पट्टी काढली.