नामांकनपत्रातला तिसरा परिच्छेद

गेले तीन आठवडे मी एक नामांकनपत्र लिहितो आहे. डेटाबेस प्रणालींच्या संशोधनात उभी हयात घालवलेल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचे नाव पुरस्कारासाठी सुचवायचे आहे आणि त्यांच्या कामाचे मोल समितीला दोन पानांत पटवून द्यायचे आहे. त्यांच्या मूळ कल्पनेविषयीचा पहिला परिच्छेद एका बैठकीत लिहून झाला. त्यांच्या शोधनिबंधांचा पुढच्या संशोधनावर झालेला परिणाम सांगणारा दुसरा परिच्छेद दोन दिवसांत हातावेगळा झाला. तिसरा परिच्छेद त्यांनी घडवलेल्या प्रणालीविषयी आहे, आणि तिथे मी अडलो. ती प्रणाली कशाकशासाठी वापरली जाते हे सांगणे सोपे आहे. पण ‘ही प्रणाली त्यांनी उभारली’ हे वाक्य लिहिताना हात थांबतो, कारण ती उभारताना त्यांच्यासोबत रात्री जागवणारे कोण कोण होते हे मला चांगले ठाऊक आहे.

या अडचणीतून वाट काढण्यासाठी आमच्या विषयातल्या पुरस्कारांचा इतिहास पुन्हा एकदा मुळापासून चाळला. संगणकशास्त्रात सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार १९६६ पासून दिला जातो. प्रामुख्याने डेटाबेसवरील कामासाठी तो आजवर चौघांना मिळाल्याचे दिसते: १९७३ मध्ये चार्ल्स बॅकमन, १९८१ मध्ये एडगर कॉड, १९९८ मध्ये जिम ग्रे आणि २०१४ साठी मायकल स्टोनब्रेकर. यांतले बॅकमन तर पीएच. डी. नसलेले आणि विद्यापीठाबाहेरचे अभियंते. जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करताना १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ‘इंटिग्रेटेड डेटा स्टोअर’ ही प्रणाली रचली. प्रोग्रामरने एका नोंदीवरून दुसऱ्या नोंदीकडे दुवे धरून जायचे, अशी तिची धाटणी होती. म्हणूनच पुरस्काराच्या व्याख्यानात त्यांनी प्रोग्रामरला मार्ग काढणाऱ्या नाविकाची उपमा दिली. व्यवसायातल्या नोंदी सांभाळण्याच्या कामाला विद्येच्या क्षेत्राने इतका मोठा मान देणे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

कॉड यांच्या पुरस्काराबद्दल मला विशेष आदर वाटतो, आणि त्याचे कारण तारखांमध्ये आहे. जून १९७० मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा शोधनिबंध अवघ्या अकरा पानांचा. मोठ्या डेटा बँका वापरणाऱ्यांना, यंत्राच्या आत माहितीची मांडणी कशी केली आहे हे ठाऊक असण्याची गरज पडू नये, या मागणीनेच तो सुरू होतो. ही मागणी आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातले धाडस जाणवत नाही. पण ज्या आयबीएममध्ये कॉड काम करत होते, तिथेच आयएमएस ही श्रेणीबद्ध रचनेची प्रणाली जोरात विकली जात होती. १९७४ मध्ये अ‍ॅन आर्बर येथील परिषदेत बॅकमन आणि कॉड यांच्या पक्षांमध्ये जाहीर वाद झाला, तेव्हा रिलेशनल, म्हणजे माहिती तक्त्यांत मांडण्याच्या कॉड यांच्या पद्धतीने चालणारी प्रणाली पुरेशी वेगवान होईल की नाही हेच सिद्ध व्हायचे होते. कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला तो १९८१ मध्ये, आणि आयबीएमची डीबी-२ ही रिलेशनल प्रणाली बाजारात आली १९८३ मध्ये. म्हणजे बाजाराने निकाल देण्याची वाट समितीने पाहिली नाही. सिस्टम-आर आणि इन्ग्रेस या दोन प्रायोगिक प्रणालींनी जे दाखवून दिले होते, तेवढ्या आधारावर तिने आपला कौल दिला. पुरस्कार देणाऱ्यांनी असा धोका पत्करावा, असे मला मनापासून वाटते.

विषयाच्या घरचे पुरस्कार मात्र बरेच नंतर सुरू झाले. एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या सिगमॉड या डेटाबेस-गटाने १९९२ पासून नवोन्मेषाचा पुरस्कार द्यायला सुरुवात केली आणि पहिलाच मान स्टोनब्रेकर यांना मिळाला. दुसऱ्या वर्षी तो जिम ग्रे यांच्याकडे गेला. स्टोनब्रेकर यांना ट्युरिंग मिळायला त्यानंतर बावीस वर्षे जावी लागली. कॉड २००३ मध्ये गेले आणि २००४ पासून या पुरस्काराला त्यांचे नाव लागले. क्वेरी ऑप्टिमायझरचा, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर काढण्याचा स्वस्त मार्ग निवडणाऱ्या भागाचा, पाया घालणाऱ्या पॅट्रिशिया सेलिंजर, जेनिफर विडम, सुरजित चौधुरी, अनास्तासिया आयलामाकी अशी या पुरस्काराची यादी वाचत गेले, की या विषयाचा अभ्यासक्रमच नावांच्या रूपाने समोर येतो.

तरुणांसाठीच्या पुरस्काराची आठवण वेगळ्या कारणाने मनात राहिली आहे. २८ जानेवारी २००७ रोजी जिम ग्रे आपली शिडाची बोट घेऊन सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फॅरलॉन बेटांकडे एकटे निघाले, आईच्या अस्थी समुद्रात विसर्जित करण्यासाठी. ते परत आले नाहीत. त्यांच्या सहकाऱ्यांनी उपग्रहांनी टिपलेली समुद्राची छायाचित्रे मिळवली, त्यांचे लहान लहान तुकडे केले आणि हजारो स्वयंसेवकांनी ते एकेक करून डोळ्यांखालून घातले. बोट सापडली नाही. डेटाबेसवरील उत्तम पीएच. डी. प्रबंधाला सिगमॉडतर्फे दिल्या जाणाऱ्या पुरस्काराला आता त्यांचे नाव आहे. ज्यांनी कित्येक विद्यार्थ्यांचे काम आपुलकीने वाचले, त्यांचे नाव विद्यार्थ्यांच्या पुरस्काराला असावे, याहून उचित स्मारक मला सुचत नाही.

पण मला सर्वांत मोलाचे वाटतात ते काळाच्या कसोटीचे पुरस्कार. सिगमॉड १९९९ पासून असा पुरस्कार देते, व्हीएलडीबी या डेटाबेस परिषदेचा दहा वर्षांनंतरचा पुरस्कार आहे, आणि सिद्धान्ताकडे झुकलेल्या पॉड्स परिषदेच्या पुरस्काराला अल्बर्टो मेंडेलझॉन यांचे नाव आहे. सुमारे दहा वर्षांपूर्वी त्या त्या परिषदेत सादर झालेले शोधनिबंध पुन्हा उघडायचे आणि त्यांतले काय टिकले ते पाहायचे, अशी ही रीत. परिषदेच्या वेळी ‘सर्वोत्तम शोधनिबंध’ ठरवणाऱ्या परीक्षकांच्या हातात फक्त हस्तलिखित असते: आलेख नीट आहेत, मोजमापात वेग वाढलेला दिसतो, युक्तिवाद सुसंगत आहे. आमच्या विषयात एवढे पुरत नाही. वेगाचे आकडे त्या वर्षीच्या यंत्रांवर घेतलेले असतात. मेमरी स्वस्त झाली, डिस्कची जागा फ्लॅशने घेतली, की कालचा विजय आज निरर्थक ठरू शकतो. दहा वर्षांनी जे उरते, ते त्या आकड्यांखालचे तत्त्व असते. रिटेल विक्रीच्या नोंदींमधून ‘हे घेणारा तेही घेतो’ असे नियम शोधणारा अग्रवाल, इमिएलिन्स्की आणि स्वामी यांचा १९९३ चा निबंध २००३ मध्ये गौरवला गेला, तोवर त्यातून डेटा मायनिंगची एक संपूर्ण शाखा उभी राहिली होती.

टिकणे म्हणजे काय हे मी वर्गात, यंत्र बंद पडल्यावर डेटाबेस सावरणाऱ्या एरीज या पद्धतीवरून शिकवतो. सी. मोहन आणि त्यांच्या चार सहलेखकांचा हा निबंध १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला; कॉड यांचा अकरा पानांचा, तर हा एकोणसत्तर पानांचा. व्यवहार, म्हणजे एकतर सगळे व्हावेत किंवा एकही होऊ नये अशा बदलांचा संच, चालू असताना यंत्र अचानक बंद पडले, तर डिस्कवर दोन्ही प्रकारची गडबड असू शकते: पूर्ण झालेल्या व्यवहाराचे बदल अजून पोहोचलेले नसतात आणि अर्धवट व्यवहाराचे बदल आधीच पोहोचलेले असतात. म्हणून प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, लिहिला जातो. यंत्र पुन्हा सुरू झाले की प्रणाली तो लॉग वाचून परिस्थितीचा अंदाज घेते, मग अर्धवट व्यवहारांसकट सारा इतिहास जसाच्या तसा पुन्हा घडवते, आणि त्यानंतरच अर्धवट राहिलेले बदल उलट क्रमाने मागे घेते. हे मागे घेणेही ती लॉगमध्ये नोंदवते, त्यामुळे सावरण्याच्या कामातच यंत्र पुन्हा बंद पडले, तरी मागे घेतलेला बदल दुसऱ्यांदा मागे घेतला जात नाही. जे शेवटी पुसायचेच आहे ते आधी पुन्हा का घडवायचे, असे विद्यार्थी दर वर्षी विचारतात. फळ्यावर लॉगच्या सात-आठ ओळी मांडून, मध्येच एका ठिकाणी रेघ ओढून ‘इथे वीज गेली’ असे म्हटले आणि त्यांनाच पुढची पायरी करायला लावली, की वर्ग गप्प होतो आणि मग एखादा हात वर जातो. तो हात वर जाताना पाहणे ही माझ्या मते त्या निबंधाची खरी पावती आहे. मोहन यांना १९९६ मध्ये नवोन्मेषाचा पुरस्कार मिळाला आणि १९९९ मध्ये व्हीएलडीबीने एरीजच्या कामाला दहा वर्षांनंतरचा मान दिला. सहलेखकांपैकी ब्रूस लिंडसे यांना नवोन्मेषाचा पुरस्कार मिळाला तो २०१२ मध्ये.

सहलेखकांपर्यंत तरी मान पोहोचू शकतो. शोधनिबंधावर ज्यांचे नावच नाही त्यांचे काय, हा माझ्या तिसऱ्या परिच्छेदाचा प्रश्न आहे. पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीचे उदाहरण घ्यावे. बर्कली येथे १९८६ मध्ये स्टोनब्रेकर यांनी हा प्रकल्प हाती घेतला आणि त्यातल्या कल्पना निःसंशय त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या होत्या. विद्यापीठातला प्रकल्प संपल्यावर अँड्र्यू यू आणि जॉली चेन या दोन विद्यार्थ्यांनी त्याची मूळ क्वेरी भाषा काढून तिथे एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारण्याची सर्रास वापरातली भाषा बसवली, १९९६ मध्ये प्रणालीला पोस्टग्रेसक्यूएल हे नाव मिळाले, आणि तेव्हापासून स्वयंसेवकांचा एक जगभर विखुरलेला समूह ती सांभाळतो आहे. स्टोनब्रेकर यांनी स्वतः हे मोकळेपणाने सांगितले आहे की हा समूह त्यांच्याशी किंवा बर्कलीशी संबंधित नाही आणि आज लोक जी प्रणाली उतरवून घेतात ती या समूहाची आहे. दहा लाख डॉलरच्या ट्युरिंग पुरस्काराचा मानकरी असे बोलतो, तेव्हा नामांकनपत्र लिहिणाऱ्यानेही तेवढा मोकळेपणा दाखवायला हवा. प्रणालींना थेट मान देण्याची प्रथा तशी जुनी आहे. एसीएमने १९८८ चा सॉफ्टवेअर प्रणाली पुरस्कार सिस्टम-आर आणि इन्ग्रेस यांना विभागून दिला; सिगमॉडच्या प्रणाली पुरस्काराने २०१७ मध्ये एसक्यूलाइट या डेटाबेस प्रणालीसाठी रिचर्ड हिप यांचा गौरव केला. ही प्रथा आणखी वाढायला हवी आणि तिच्या मानपत्रांतली नावांची यादी आणखी लांब व्हायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

काही नावे पुरस्काराविनाच राहतात. रेमंड बॉइस यांनी डॉन चेंबरलिन यांच्यासोबत सीक्वेल ही एसक्यूएलची पूर्वज भाषा मांडली, तिचा निबंध १९७४ च्या त्याच अ‍ॅन आर्बर परिषदेत सादर झाला आणि त्यानंतर काही आठवड्यांतच बॉइस गेले. वयाची तिशीही त्यांनी गाठली नव्हती. चेंबरलिन यांना २००३ मध्ये नवोन्मेषाचा पुरस्कार मिळाला. बॉइस यांचे नाव प्रत्येक पाठ्यपुस्तकात ‘बॉइस-कॉड नॉर्मल फॉर्म’ या तक्ते नीट रचण्याच्या नियमात आहे, आणि तरी तिथेही एक ऋण फेडायचे राहिले आहे: हीच व्याख्या इयन हीथ यांनी १९७१ च्या निबंधात दिली होती, असे डेटाबेसवरील लेखक ख्रिस डेट यांनी दाखवून दिले आहे. मी आता वर्गात ती संज्ञा फळ्यावर लिहिताना शेजारी हीथ यांचे नाव लिहितो.

दुसऱ्याच्या प्रयोगाची पुन्हा तपासणी करणाऱ्यांचे काम याहूनही कमी दिसते. सिगमॉडने २००८ मध्ये शोधनिबंधांतले प्रयोग पुन्हा करून पाहण्याची सोय सुरू केली, हे पाऊल फार महत्त्वाचे होते. एखाद्याचा कोड मिळवायचा, तो आपल्या यंत्रावर चालवायचा, आलेखातली प्रत्येक रेघ पुन्हा काढायची आणि ती जुळली नाही तर कारण शोधत बसायचे, यात आठवडे जातात, आणि ते करणाऱ्याच्या नावावर एकही शोधनिबंध जमा होत नाही.

काल रात्री तिसरा परिच्छेद पुन्हा लिहिला. ‘त्यांनी उभारली’ हे शब्द काढले आणि रचना कोणाची, सावरण्याचा भाग कोणत्या विद्यार्थिनीने लिहिला, पहिली सार्वजनिक आवृत्ती कोणत्या दोघांनी बाहेर काढली आणि आज दुरुस्त्या कोण करते, हे नावानिशी मांडले. त्यासाठी दुसऱ्या परिच्छेदातल्या चार ओळी आणि उद्धरणांचे आकडे गाळावे लागले. मसुदा ज्येष्ठ सहकाऱ्यांना दाखवला. त्यांनी दोन पाने शांतपणे वाचली, यादीत राहून गेलेले एक नाव पेन्सिलीने समासात लिहिले आणि कागद परत दिला.