कर्तेपण नेमकं कधी सोडायचं

लिहिणाऱ्याला, चित्र काढणाऱ्याला, चाल बांधणाऱ्याला ‘सोडून दे, आपोआप येईल’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. काय सोडायचं, किती वेळ सोडायचं आणि कशावरची पकड ढिली होऊ द्यायची नाही, हे मात्र क्वचितच कुणी सांगतं. मग ऐकणारा एकतर तयारीच करणं सोडतो, नाहीतर ‘मी आता नियंत्रण सोडतोय’ याच्यावरच डोळा ठेवून बसतो. दोन्हीत काम अडतं.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला 47 वा श्लोक बहुतेकांना पाठ असतो, पण चर्चा होते ती पहिल्या दोन चरणांची. चौथा चरण तितकाच कामाचा आहे: कर्म न करण्याची ओढ लागू देऊ नकोस. फळावरचा हक्क सोड आणि हात मात्र थांबवू नकोस, अशा दोन अटी एकाच श्लोकात आहेत. पतंजलीच्या योगसूत्रांतही पहिल्या पादातलं, म्हणजे प्रकरणातलं, 12 वं सूत्र अभ्यास आणि वैराग्य यांचं नाव एका दमात घेतं. निर्मितीत समर्पणाच्या वाटेने जाऊन पाहायचं असेल तर ही जोडी फोडून चालत नाही. माझ्या मते सारी मेख वेळेत आहे. कामाचे तीन टप्पे पाडायचे: मांडणी, प्रत्यक्ष काम आणि निवड. पहिल्यात आणि तिसऱ्यात नियंत्रण पूर्ण ठेवायचं, मधल्यात ते खाली ठेवायचं. तिन्ही टप्पे एकमेकांत मिसळले की गडबड होते.

मांडणीत चार गोष्टी आधीच ठरवून टाकायच्या: किती वेळ, कुठे थांबायचं, कोणतं साहित्य आणि एक मर्यादा. लिहायचं असेल तर 20 मिनिटं, हाताने, एकाच बाजूने भरायची दोन पानं, आणि मर्यादा म्हणून एकच खोली किंवा एकच संभाषण. चाल बांधायची असेल तर पाचच स्वर. ही मर्यादा जाचक वाटते, पण तिच्यामुळेच मधला टप्पा मोकळा होतो. काम करताना जो निर्णय घ्यायचा शिल्लक राहतो, तो निर्णय आतल्या परीक्षकाला परत बोलावून आणतो. ‘आता निळा घेऊ की हिरवा’ हा प्रश्न ब्रश हातात असताना पडला, की लक्ष कागदावरून उठून ‘हे बरं दिसेल का’ याच्याकडे जातं. म्हणून रंग आधीच निवडायचे, तेही तीनपेक्षा जास्त नाही, आणि बाकीच्या ट्यूब उचलून ठेवायच्या.

काम सुरू करण्याआधी पाच मिनिटं बसायचं. श्वास चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर. मग शरीरात तीन जागा तपासायच्या: जबडा, खांदे आणि लेखणी धरणारी बोटं. नियंत्रणाचा हट्ट मनात कळायच्या आधी इथे दिसतो. नखाच्या टोकाशी पांढरेपणा दिसत असेल तर पेन गरजेपेक्षा जास्त दाबून धरलं आहे. त्यानंतर मनात एकच वाक्य म्हणायचं: काम माझ्याकडे, ते कसं होईल ते माझ्याकडे नाही. श्रद्धा असेल तर ते ज्याच्या चरणी ठेवायचं त्याचं नाव घ्यावं, नसेल तर कामालाच अर्पण करावं. हे वाक्य परिणाम चांगला यावा म्हणून म्हणायचं नाही. ‘समर्पण केलं, आता तरी चांगलं येईल’ हा सौदा झाला, आणि सौद्यात पकड आणखी घट्ट होते.

मधला टप्पा जवळून पाहायचा असेल तर ओल्या कागदावरच्या जलरंगासारखं दुसरं माध्यम नाही, कारण पाणी कुणाचं ऐकत नाही. चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा जाड कागद चारी बाजूंनी टेपने फळीवर चिकटवावा, नाहीतर भिजल्यावर तो फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. फळीच्या वरच्या कडेखाली दोन बोटं उंचीचा आधार द्यावा. रुंद ब्रशने कागद पूर्ण भिजवावा, एक मिनिट थांबावं आणि पुन्हा एकदा भिजवावा, म्हणजे पाणी आतपर्यंत मुरतं. मग डोळा कागदाच्या पातळीला आणून तिरक्या उजेडात बघायचं. आरशासारखं पाणी चमकत असेल तर अजून घाई आहे, रंग वाहून फिका पडेल. चमक मऊ झाली, रेशमी दिसू लागली, की दाट रंगाने भरलेला ब्रश टेकवायचा आणि उचलायचा. पुढचं काम पाण्याचं. अल्ट्रामरीन हा निळा रंग कागदाच्या खळग्यांत बसून दाणेदार दिसेल, फ्थॅलो नावाचा दुसरा निळा मात्र लांबवर पसरेल आणि कागदाला डाग धरेल. ते कसे वागतात हे माहीत असणं ही मांडणी, आज ते नेमके कुठवर जातील हे सोडून देणं हा मधला टप्पा.

इथे चूक जवळजवळ नेहमी एकाच क्षणी होते. चमक नुकतीच गेलेली असते, कागद दमट असतो, आणि एक कड हवी तशी आलेली नसते. ब्रश पाण्यात बुडवून ती ‘जरा’ नीट करावीशी वाटते. ब्रशमधलं पाणी कागदातल्या पाण्यापेक्षा जास्त असल्यामुळे ते बाहेरच्या दिशेने पसरतं, बसू लागलेला रंग पुढे ढकलतं आणि टोकाशी सोडून देतं. तिथे दातेरी कडेचा फुलकोबीसारखा डाग उठतो. तो पुसायला गेलं की खालचे थर उठून एकमेकांत मिसळतात आणि रंग गढूळ होतो. पहिल्या इच्छेपाशी हात मागे घेतला असता तर बिघडलं असतं ते फक्त एका कडेपुरतं. म्हणून त्या वेळी ब्रश खाली ठेवावा, हात मांडीवर घ्यावेत आणि कागद पूर्ण कोरडा होईपर्यंत नुसतं बघावं. कोरडा झाला की नाही हे हाताच्या पाठीने कळतं. गार लागला तर अजून ओला आहे. हे बघणं म्हणजे साक्षीभावाचा सराव आहे, आणि कोरड्या उपदेशापेक्षा तो इथे लवकर अंगवळणी पडतो, कारण लुडबुड केली तर फळ पाच सेकंदांत समोर दिसतं.

लिहिताना पाण्याची जागा गती घेते. हात थांबू द्यायचा नाही, मागचं वाचायचं नाही, खोडायचं नाही. शब्द अडला तर अडलेलंच वाक्य पुन्हा लिहायचं. कळफलकावर हे अवघड जातं, कारण खोडायची कळ करंगळीच्या टप्प्यात असते. स्क्रीनचा उजेड पूर्ण कमी करून आंधळेपणाने टंकावं. पहिली पाच-सात मिनिटं बहुधा ठरीव वाक्यं येतात, जी आपण नेहमीच बोलतो. त्यानंतर एक कंटाळ्याचा पट्टा लागतो आणि बरेच जण नेमके तिथेच थांबतात. थांबू नये. ठरवलेली वेळ याचसाठी असते की थांबायचा निर्णय आपल्या हातात राहू नये. वेळ संपली की वाक्य अर्धं असलं तरी पेन ठेवायचं. छान चाललंय म्हणून लांबवणं हाही फळाचा लोभच.

अमेरिकन संगीतकार जॉन केज यांनी ही विभागणी फार टोकाला नेली. 1951 मध्ये पियानोसाठीची ‘म्युझिक ऑफ चेंजेस’ ही रचना त्यांनी नाण्यांच्या कौलावर उभी केली. तीन नाणी सहा वेळा टाकायची, त्यातून ‘ई चिंग’ या चिनी ग्रंथातल्या 64 आकृत्यांपैकी एक मिळायची, आणि ती 64 घरांच्या तक्त्यातलं एक घर दाखवायची. नादांच्या तक्त्यात निम्मी घरं शांततेची होती. कालावधी आणि जोर यांचे तक्ते वेगळे. कोणता स्वर कधी यावा यातली आवडनिवड त्यांनी बाजूला ठेवली, पण तक्ते भरण्याची मेहनत स्वतः केली आणि कौल लागला तो निमूट उतरवला. ‘वाट्टेल ते’ करण्यापासून हे किती लांब आहे ते पाहा. छोट्या प्रमाणावर हे कुणालाही करता येतं: सहा विषय, सहा जागा, सहा सुरुवाती लिहून फासे टाकायचे. अट एकच, दुसऱ्यांदा टाकायचे नाहीत. आवडलं नाही म्हणून पुन्हा टाकलेला फासा म्हणजे आपणच केलेली निवड.

निवडीच्या टप्प्यात परीक्षकाला मानाने परत बोलवायचं. निदान दोन दिवस मध्ये जाऊ द्यावेत; लगेच वाचलं तर लिहितानाची ऊब मजकुरावर चढलेली असते आणि साधी ओळही थोर वाटते. वाचताना जिथे आपण स्वतः चमकतो, त्या ओळींखाली रेघ मारावी. दोन पानांतून तीन-चार ओळी निघाल्या तरी पुरे. बाकीचं बिनदिक्कत सोडावं.

समर्पणाची वाट धरणारे सर्वांत जास्त घसरतात ते इथे. ‘हे माझ्याकडून आलं नाही, वरून आलं, मग मी कापणार कसं?’ हा युक्तिवाद नम्र दिसतो, पण त्यात मी निवडला गेलो हा अभिमान लपलेला असतो. कर्तेपण खरंच सोडलं असेल तर चांगल्या ओळीचं श्रेय जसं आपलं नाही, तशी वाईट ओळ राखण्याची जबाबदारीही आपली नाही. ती खोडताना हात जड होत असेल, तर तेवढ्यापुरती मालकी अजून शिल्लक आहे असं समजावं.

मोठ्या कामात, कादंबरीत किंवा चित्रमालिकेत, हे तिन्ही टप्पे रोज फिरून येतात. तेव्हा निवडीची वेळ आणि लिहिण्याची वेळ एकाच बैठकीत ठेवू नये. सकाळी नवं लिहिणं, संध्याकाळी दोन दिवसांपूर्वीचं तपासणं, आणि जागाही बदललेली बरी: एक टेबल, दुसरी खुर्ची. काही बैठका पूर्ण कोरड्या जातात. त्या दिवशी वेळ भरायची, पानावर तारीख टाकायची आणि उद्याची मर्यादा आजच ठरवून उठायचं. विषय बदलायचा तर तो सलग कोरड्या आठवड्यानंतर, आणि तोही मांडणीच्या वेळेत, पेन हातात नसताना.